निळं टोक वर

४ डिसेंबर

मोजपट्टी,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी काम.

बसच्या ड्रायव्हरबरोबर एक पार्सल पाठवलं आहे. ओल्या गोणपाटात अंजिराच्या डझनभर काड्या आहेत. धरायला बरं पडावं म्हणून त्याच झाडाचा एक जाडसर दांडका वरून आडवा बांधला आहे. ड्रायव्हर भला माणूस आहे, पण वस्तूला मूठ नसली की तो ती पायाने सरकवतो.

कारण असं की मागच्या गल्लीचं गटार आमच्या अंगणातून न्यायचं ठरलं आहे आणि अंजिराचं झाड बरोबर त्याच्या वाटेत उभं आहे. थंडी संपली की खोदायला येणार. गटार जरा वळवून नेता येईल का, असं मी त्यांच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, काका, पाणी वळतं, पाईप वळत नाही. या झाडाला माझी कपड्यांची दोरी बांधलेली आहे. एक टोक झाडाला, दुसरं खिडकीच्या गजाला. त्यांच्या नकाशात दोरी दाखवलेली नाही, आणि मला वाटतं झाडही नाही.

वसंतात अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावायला मुळं फुटलेली एक तरी काडी हवी. माझ्या घरात ती फुटणार नाहीत. इथे सकाळी पाण्याच्या पेल्याकडे नुसतं बघितलं तरी दात वाजतात. तुला झाडांतलं काही कळत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझी खोली गरम असते आणि तुला मोजता येतं.

प्रत्येक काडीच्या एका टोकाला निळा रंग लावला आहे. निळं टोक वर. तुला हे सांगायची गरज नाही, पण मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि लोकांना त्या उलट्या टांगताना पाहिलं आहे.

एकच अट. तुझ्या आईला त्यांना हात लावू देऊ नकोस. तिच्या हाताला काही लागत नाही, असं मी चार वर्षांपूर्वी सगळ्या नातेवाइकांसमोर बोललो, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलायला नको होतं. माहिती मात्र चुकीची नव्हती.

फोन करू नकोस. हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात.

आता ते राहिलेले आशीर्वाद.

मामा

९ डिसेंबर

मामा,

नमस्कार. पार्सल तुमच्या पत्राच्या आधी पोहोचलं. त्यामुळे एक दिवस मी ते जळाऊ लाकूड समजून गॅलरीत ठेवलं होतं. यातून काही नुकसान झालेलं दिसत नाही.

माझ्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीचा खालचा कप्पा रिकामा केला. प्रत्येक काडी वेगळ्या कपात, वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, निळं टोक वर. कपांना क्रमांक दिले आणि प्रत्येकावर पारदर्शक पिशवी घातली. काड्यांना ऊब खालून हवी, वरून नको, असं वाचलं, म्हणून कपांच्या खाली आईची कंबर शेकायची विजेची गादी ठेवली आहे. आमच्या ऑफिसात मी तापमापकं तपासते, त्यातलं एक घरी आणलं. ते अचूक आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर माझीच सही आहे. मातीतली ओल मोजायचं यंत्रही आणलं आहे.

आईला मी हे ऑफिसचं काम आहे असं सांगितलं. मात्र पार्सलवरचा पत्ता तुम्ही पाटीसारखा रंगवला होता, लाल अक्षरं आणि खाली पिवळी सावली. आईने तो बराच वेळ पाहिला. मग भाजीत मीठ जास्त झालंय असं म्हणाली. झालेलं नव्हतं.

तुमचा दांडका उरला होता. तो तिने गुलाबाला टेकू म्हणून मागून घेतला आणि कुंडीत खोचला. हा गुलाब स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो आणि दीड वर्षापूर्वी वाळलेला आहे. आईच्या मते तो विश्रांती घेतो आहे. ती त्याला रोज पाणी घालते. मी या विषयात पडत नाही.

अट लक्षात आहे.

तुमची भाची

२० डिसेंबर

मोजपट्टी,

तुझं पत्र वाचताना मला दवाखान्यातून रिपोर्ट आल्यासारखं वाटलं. काड्यांची तब्येत चांगली आहे असं धरून चालतो.

आता एक गोष्ट नीट ऐक. थोड्या दिवसांत त्यांना वर हिरवं फुटेल. तेव्हा नाचू नकोस. म्हणजे तू नाचत नाहीसच, पण आतल्या आतही नाचू नकोस. ते पान काडीच्या पोटात जे साठलेलं असतं त्यावर फुटतं. घरात दाणा नसताना पाहुण्यांपुढे थाट करावा तसा तो प्रकार आहे. खाली मुळं फुटली तरच खरं. अंजिराचं पान दिसायला लाघवी आणि बोलायला खोटं.

आणि मुळं फुटली का, हे बघायला काडी उपटायची नाही. कितीही वाटलं तरी नाही. वाट बघता येत नसेल तर वाट बघताना हात मागे बांधून घ्यावेत.

विजेची गादी तू काड्यांना दिलीस, मग तुझ्या आईच्या कमरेचं काय? मला काय करायचंय म्हणा. सहज विचारलं.

मामा

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार. सात काड्यांना पानं फुटली. तुमच्या सूचनेप्रमाणे मी त्यांची नोंद घेतली आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढला नाही.

तीन काड्या मात्र खालून मऊ पडून काळ्या झाल्या. त्या काढून टाकल्या. यात मला एक गोष्ट समजत नाही. मी सकाळी ऑफिसला जाताना ओल मोजते आणि आल्यावर पुन्हा मोजते. मधल्या वेळात माती वाळायला हवी. आमच्याकडे ती वाढते. पिशवीतल्या पिशवीत पाणी निर्माण होणं शक्य नाही, म्हणून मी यंत्र बिघडलं असं समजून ते ऑफिसात तपासायला दिलं. साहेबांनी ते दोनदा तपासलं आणि म्हणाले, यंत्र ठणठणीत आहे, तुम्ही रजा घ्या.

गादीही दुपारी थंड होत असावी. संध्याकाळी ती नेमकी नुकतीच चालू केल्यासारखी लागते.

याहून विचित्र म्हणजे तीन आणि चार क्रमांकाच्या काड्यांनी आपसांत जागा बदलल्या आहेत. चारला दोन फाटे आहेत, त्यामुळे ओळख पटण्यात माझी चूक होणार नाही. आणि नऊ क्रमांकाचं निळं टोक काल खाली होतं.

काड्या हलत नाहीत, हे मी गृहीत धरलं होतं. तुमच्या अनुभवात असं कधी झालं आहे का?

आईची कंबर बरी आहे. तिने गादीबद्दल एकदाही विचारलं नाही, याचं मलाही नवल वाटलं होतं.

तुमची भाची

१८ जानेवारी

मोजपट्टी,

माझ्या अनुभवात काड्यांना मुळं फुटतात, पाय नाही.

तुझे साहेब शहाणे दिसतात. पण रजा घेण्याआधी एक सांग. तू ऑफिसला गेलीस की घरात कोण असतं?

इथे थंडी कडक आहे. बाकी सगळं ठीक. झाड ठीक आहे.

मामा

२७ जानेवारी

मामा,

नमस्कार. कारण सापडलं. शेजारची मांजर आहे.

मागच्या आठवड्यात वीज गेल्यामुळे ऑफिस दुपारीच सुटलं आणि मी लवकर घरी आले, तेव्हा ती दिसली. मांजर काड्या उपटते, खालची टोकं बघते आणि परत लावते. परत लावताना क्रमांकांकडे तिचं लक्ष नसतं. नंतर पाणी घालते, म्हणजे पाणी सांडते. विजेची गादीही दिवसभर ती वापरते आणि मी यायच्या सुमारास कपांखाली परत सरकवते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी ऑफिसला गेले की घरात आई असते. तिने मांजर पाहिलेली नाही.

आता सहा काड्या शिल्लक आहेत. मांजराचा बंदोबस्त कसा करावा ते कळवा. मी तिला अजून काही बोललेले नाही.

तुमची भाची

३ फेब्रुवारी

मोजपट्टी,

उभ्याने लिहितोय, अक्षर सांभाळून घे. सगळ्या खुर्च्यांवर माझे शर्ट वाळत पडलेत, बसायला जागा नाही.

मांजराला हाकलू नकोस. ओरडूही नकोस, मांजर ओरडण्याने अधिक चिडते आणि मग चार चार वर्षं फुगून बसते. शांतपणे समजावून सांग. मूळ पहिल्यांदा केसाएवढं असतं. काडी बाहेर ओढली की ते तुटतं. मग बिचारी काडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि असं दोनतीनदा झालं की तिच्या पोटातला साठा संपतो. मांजराचा हेतू वाईट नसणार. तिला फक्त धीर धरवत नसेल. हे काही मांजरांच्या अख्ख्या घराण्यात असतं.

गादी मांजरालाच दे. थंडीत मांजरांची कंबर धरते. काड्या हीटरच्या जवळ सरकव, फार जवळ नाही.

आणि हे पत्र टेबलावर उघडं राहू दे. शाई ओली आहे.

मामा

११ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तुमचं पत्र टपालातून चार दिवसांनी आलं. शाई ओली नव्हती. तरी मी ते टेबलावर उघडं ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी त्याची घडी उलट्या बाजूने पडलेली होती. मी घडी नेहमी एकाच बाजूने घालते.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, “मांजरांना इतकं फोडून सांगावं लागत नाही. त्यांनाही अक्कल असते.” तोपर्यंत आमच्या घरात मांजराचा विषय निघालेला नव्हता.

तेव्हा आता हे नाटक पुढे नेण्यात अर्थ नाही. मांजर नाही. तुम्हाला ते केव्हा कळलं, हे मला माहीत नाही, पण मी खोटं बोलले ते चांगलं जमलं नव्हतं असं दिसतं.

वीज गेली त्या दिवशी आई माझ्या टेबलाशी बसली होती. नाकावर चष्मा, खिडकीतलं ऊन हातावर घेतलेलं, समोर सात क्रमांकाची काडी. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती काडीच्या खालची माती झाडत होती. काडीशी बोलत होती. म्हणाली, “दादा म्हणतो माझ्या हाताला लागत नाही. तू लागून दाखव म्हणजे झालं. मी काही जास्त मागत नाही.” मग तिने काडी परत लावली, निळं टोक वर आहे ना ते दोनदा बघितलं, आणि दुसऱ्याच कपात लावली.

मी दारात होते. तिला दिसले नाही. मी तशीच खाली गेले, बसस्टॉपवर बसून राहिले आणि नेहमीच्या वेळी घरी आले. असं का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. तुमची अट मी मोडली, एवढं मात्र खरं.

पत्र वाचल्यापासून तिने उपटणं बंद केलं आहे. ओलीचे आकडे आता सरळ येतात. तीन काड्या शिल्लक आहेत.

दुसरी गोष्ट. चार डिसेंबरच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की कपड्यांच्या दोरीचं एक टोक झाडाला आणि दुसरं खिडकीला आहे. तीन फेब्रुवारीला तुमचे शर्ट खुर्च्यांवर वाळत होते. दोरी एका टोकावर उभी राहत नाही. झाड केव्हा गेलं?

तुमची भाची

१७ फेब्रुवारी

मोजपट्टी,

तुला मोजपट्टी म्हणतो ते उगाच नाही.

जानेवारीच्या मध्यावर गेलं. थंडी संपल्यावर येणारे लोक थंडीतच आले. ठरलेल्या तारखेच्या आधी सुरू झालेलं गटाराचं काम मी जन्मात एकदाच पाहिलं, तेही माझ्याच अंगणात. खोदणारा म्हणाला, काका, पुढच्या महिन्यात यंत्र मिळत नाही. सकाळी चहा झाला तेव्हा झाड होतं, दुपारचं जेवण होईपर्यंत नव्हतं. माझ्याजवळ दुसऱ्या काड्या नाहीत. तेव्हा काढून ठेवायला हव्या होत्या. यंत्राचा आवाज एवढा होता की मलासुद्धा ऐकू येत होता, आणि मी खिडकी लावून आत बसलो. तुझ्या कपांत आहेत तेवढ्याच.

तुला लिहिलं नाही, कारण तू आईला सांगितलं असतंस. नसतं सांगितलंस तरी तिने वाचलं असतं. हे पत्र खिशात ठेव.

मांजराचं म्हणशील तर पहिल्याच ओळीला कळलं. तुझ्या आईला मांजराच्या वाऱ्याने शिंका येतात. लहानपणी शेजाऱ्यांकडे मांजर होतं, तर त्यांच्याकडून आलेलं वर्तमानपत्र ती चिमट्याने धरायची. जिथे ती राहते तिथे मांजर महिनाभर ये जा करतंय आणि कोणी शिंकलं नाही?

आणि अट मोडली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ती मोडावी म्हणूनच घातली होती. हात लावू नकोस म्हटल्याशिवाय तुझ्या आईने आजवर कशाला हात लावलेला नाही. मी म्हटलं, दोन महिने रोज माझ्या काड्यांशी भांडेल, तर निदान माझी आठवण तरी काढेल. ती काड्या उपटून बघेल हे डोक्यात यायला हवं होतं. मी तिचा सख्खा भाऊ आहे. मी तिच्या जागी असतो तर पहिल्या आठवड्यातच उपटल्या असत्या.

तीन राहिल्यात ना. तीन खूप झाल्या.

मामा

२ मार्च

मामा,

नमस्कार. तुमचं पत्र मी खिशात ठेवलं होतं. कोट धुवायला टाकताना आईने खिसे तपासले.

ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. पत्र मांडीवर होतं. मला वाटलं अट आणि मांजर यावरून चिडली असेल. तिने तेवढं विचारलं की झाड गेलं त्या दिवशी दादाबरोबर कोणी होतं का. मी म्हटलं, पत्रात तसं लिहिलेलं नाही. मग आम्ही दोघी मिळून माझ्या खोलीत गेलो आणि पिशव्या काढल्या.

तिन्ही काड्यांची पानं उभी होती. हिरवी होती. अकरा क्रमांकाला मी बोट लावलं आणि ती आडवी झाली. खाली काही नव्हतं, साल नुसती सुटून आली. दोन आणि चारचंही तसंच. पानांबद्दल तुम्ही जे लिहिलं होतं ते बरोबर होतं.

कारणं सांगते. उपटणं हे एक. पण एकटं नाही. पिशव्यांत हवा कमी पडत होती आणि मी स्वतः पाणी जास्त घालत होते, कारण यंत्र जे दाखवत होतं त्यापेक्षा पुस्तकात लिहिलेला आकडा मोठा होता. तेव्हा दोष एकट्या आईचा नाही. मी हे तिला सांगितलं. तिने ऐकलं असं वाटत नाही.

ती म्हणाली, “एकही नाही राहिली. म्हणजे त्याचंच खरं.” आवाज साधा होता, म्हणून जास्त ऐकू आला. रविवारी गुलाबाची कुंडीही टाकून दे, असं ती म्हणाली. दीड वर्षांत पहिल्यांदाच.

कप धुवून ठेवले आहेत. तापमापक ऑफिसला परत केलं.

मला वाईट वाटतं.

तुमची भाची

६ मार्च

मोजपट्टी,

कुंडी टाकू देऊ नकोस.

तुझं पत्र मिळून अर्धा तास झाला आहे. खुर्चीवरचे शर्ट खाली टाकले आणि बसून लिहितोय. पुढचं तिला वाचून दाखव. टेबलावर उघडं ठेवून चालणार नाही, तू वाचून दाखव, आणि ती भांडी आपटायला लागली तर थांबून पुन्हा वाच.

तिच्या हाताला लागत नाही हे मी बोललो ते परत घेतो. अर्धवट नाही, सगळं. बारा काड्या मेल्या म्हणून माझं खरं ठरत नाही. त्या मी डिसेंबरात फार लवकर कापल्या, गोणपाट जास्त भिजवलं, आणि वर भांडण लावून पाठवल्या. असल्या काड्या कोणाच्याही हातात मेल्या असत्या. आणि नसत्या मेल्या, तरी सख्ख्या बहिणीबद्दल सगळ्यांसमोर असं बोलायचं नसतं. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग ती उठून गेली आणि जेवण मला गेलं नाही. इतरांना गेलं, त्यांनी तिचंही ताट संपवलं.

झाड नसलं तरी अंगण आहे. दुसरं काहीतरी लावू. तिला विचार काय लावायचं.

मामा

८ मार्च

मामा,

नमस्कार. आज रविवार. तुमचं पत्र अजून आलेलं नाही, पण हे थांबवण्यासारखं नाही.

सकाळी मी गुलाबाची कुंडी खाली न्यायला उचलली. गुलाब धरून ओढला, तर मुळासकट लगेच हातात आला. टेकू आला नाही. मी जरा जोराने ओढला, तरी आला नाही. तेव्हा मी ओढणं थांबवलं. हा निर्णय योग्य ठरला.

टेकू म्हणजे तुमच्या पार्सलचा दांडका. वाळलेल्या गुलाबाच्या काट्यांमागे त्याच्या एका डोळ्यावर हिरवा कोंब होता, नखाएवढा, आणि त्यात घडी घातलेलं पान. मला तो आधी दिसला नव्हता. आईला दिसला होता. तिला वाटलं गुलाब विश्रांतीतून उठला.

पानावर मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. कुंडी वर धरून तळाचं भोक बघितलं. भोकातून पांढरी मुळं बाहेर आली आहेत. एक नाही, पुष्कळ. टॉर्च लावून बघितली, मग आईला बोलावून तिच्याकडून बघून घेतलं, कारण मला माझ्या डोळ्यांबद्दल खात्री हवी होती.

यात काय झालं ते आता उघड आहे. आम्ही दोघी बारा काड्यांकडे बघत होतो. दांडक्याकडे कोणीही बघत नव्हतं. त्याला क्रमांक नव्हता, पिशवी नव्हती, निळा रंग नव्हता. कोणतं टोक वर आहे याचाही कोणी विचार केला नव्हता, ते बरोबर आलं हा योगायोग. खिडकीखालच्या शेगडीची ऊब त्याला खालून मिळत होती. आणि आई त्याला डिसेंबरपासून रोज, एकही दिवस न चुकवता, भांडी विसळलेलं पाणी घालत होती. तो तिने एकदाही उपटून बघितला नाही, कारण टेकूला मुळं फुटतात का हे कोणी बघत नाही.

गुलाब मेला आहे हे तिने कबूल केलं असतं, तर ही कुंडी मागच्या वर्षीच टाकली गेली असती. हे मी तिच्यासमोर बोललेले नाही.

ती अजून कुंडीजवळ बसून आहे. हात मागे बांधलेले आहेत.

तुमची भाची

१३ मार्च

मामा,

नमस्कार. तुमचं सहा तारखेचं पत्र काल आलं. सांगितल्याप्रमाणे आईला वाचून दाखवलं. भांडी दोनदा आपटली. दोन्ही वेळा थांबून पुन्हा वाचलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आता फुटलं म्हटल्यावर गोड बोलतोय.” म्हणून मी तिला दोन्ही पत्रांच्या तारखा दाखवल्या. तुमचं पत्र सहाचं. दांडक्याला मुळं असल्याचं आम्हालाच आठ तारखेला कळलं, आणि तुम्हाला माझं पत्र त्यानंतर. म्हणजे तुम्ही माघार घेतलीत तेव्हा तुमच्यासमोर फक्त बारा मेलेल्या काड्या होत्या. तुमचं म्हणणं खरं ठरत असताना तुम्ही ते परत घेतलंत. याला मी दुसरं स्पष्टीकरण शोधून पाहिलं. सापडलं नाही.

आईने तारखा चष्मा लावून तपासल्या. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही बघितला. मग उठून माझं पेन घेऊन गेली.

सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. घडी तिने घातली आहे.

तुमची भाची

दादा,

पुढच्या रविवारच्या बसने येते. झाड मांडीवर घेऊन येईन, तुझ्या त्या ड्रायव्हरच्या हाती देणार नाही. पोरगीला बरोबर आणते आहे, तिला खड्ड्याची खोली मोजू दे, नाहीतर ती सबंध वाट गप्प बसेल.

खड्डा खणून ठेवू नकोस. कुठे लावायचं ते आल्यावर मी सांगेन आणि तू ऐकशील.

निळा रंग तयार ठेव. दांडक्याला तू लावायचा विसरलास. वरचं टोक कुठलं ते मी दाखवते, तुला ओळखू यायचं नाही.

त्याला दोरी बांधता येईपर्यंत काही वर्षं जातील. तोवर दुसरीकडे कुठेतरी खिळा ठोक आणि खुर्च्यांवरचे शर्ट उचल. मला बसायला लागेल.

मांजर